ख्रिस्ती श्रद्धा आणि मांसाहाराचा प्रश्न : मराठी प्रदेशातील अनुभव

ख्रिस्ती धर्मशास्त्रात भक्ष्याभक्ष्याचे स्वतंत्र प्रकरण नाही. ज्यूंच्या लेवीय ग्रंथात शुद्ध व अशुद्ध प्राण्यांची यादी आहे, इस्लामने हलाल-हरामचा विवेक सांगितला आहे, आणि हिंदूंच्या स्मृतिग्रंथांतून या विषयाचा विस्तार किती झाला आहे हे सर्वश्रुतच आहे. ख्रिस्ती मनुष्याने काय खावे व काय वर्ज्य करावे याची तशी यादी नव्या करारात शोधूनही सापडत नाही. युरोपात या अभावाने फारसे काही बिघडले नाही. परंतु महाराष्ट्रात, जेथे मनुष्याची जात त्याच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर ठरत आली, तेथे नियम नसणे हाच एक अवघड प्रश्न होऊन बसला. ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याने मांस खाल्लेच पाहिजे काय? आणि तो खात नसेल, तर जुनी जात त्याच्या मनातून गेलेली नाही असे समजावे काय? एकोणिसाव्या शतकात हे प्रश्न मोठ्या गांभीर्याने विचारले गेले. त्यांना मिळालेली उत्तरे पाहू गेल्यास असे दिसते की, या बाबतीत पौलाने जो निर्णय दिला होता, त्याचा अर्धाच भाग येथे पुष्कळ काळ वापरात राहिला.

पौलाचा निर्णय समजण्यासाठी प्रथम करिंथ या शहराची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. तेथील बाजारात विकावयास येणारे मांस पुष्कळदा देवळात बळी दिलेल्या पशूचे असे. ते विकत घेणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यास मूर्तिपूजेचा दोष लागतो की नाही, असा वाद तेथील मंडळीत उत्पन्न झाला. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने त्याचा जो निकाल दिला तो दुहेरी आहे. अन्नाने मनुष्य देवाच्या जवळ जात नाही आणि दूरही जात नाही, म्हणून खाण्यास हरकत नाही, हा त्यातील पहिला भाग. पण आपल्या खाण्याने एखाद्या भावाची सदसद्विवेकबुद्धी ठेचाळत असेल तर मांस कायमचे सोडण्याचीही तयारी असावी, हा दुसरा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच विचार अधिक व्यापक स्वरूपात येतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ लेखू नये व न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोषी ठरवू नये, असे तेथे सांगितले आहे. दोघांना लागणाऱ्या मोहांचे स्वरूप पौलाने किती अचूक ओळखले होते हे या वाटणीवरून दिसते. खाणाऱ्याचा दोष तुच्छतेचा, न खाणाऱ्याचा दोष न्यायाधीश होण्याचा.

मात्र याच अध्यायात केवळ भाजीपाला खाणाऱ्यास पौलाने विश्वासात दुर्बळ म्हटले आहे. या एका विशेषणाचे परिणाम दूरवर झाले. शाकाहारी ख्रिस्ती म्हणजे अपक्व ख्रिस्ती, अशी समजूत त्यातून रूढ होणे कठीण नव्हते. त्यात चर्चच्या आरंभीच्या इतिहासाची भर पडली. सृष्टी मुळातच अमंगल आहे असे मानून मांस वर्ज्य करणारे काही पंथ त्या काळी प्रबळ होते व त्यांच्यापासून आपले वेगळेपण राखणे चर्चला आवश्यक वाटले. इ. स. ३१४ मध्ये अंकिरा येथे (म्हणजे आजच्या अंकारा येथे) भरलेल्या धर्मसभेने असा नियम केला की, मांस न खाणाऱ्या धर्मगुरूंनी ते एकदा चाखून दाखवावे आणि मग हवे तर वर्ज्य करावे. मांसाबरोबर शिजलेल्या भाजीलाही जो शिवणार नाही त्याने पद सोडावे. पुढे सुमारे ३४० मध्ये गंग्रा येथील सभेने मांस खाणाऱ्याचा धिक्कार करणाऱ्यांना बहिष्कृत ठरविले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, दोन्ही सभांचा रोख मांस सोडण्यावर नव्हता. तो किळस बाळगण्यावर होता. मांस सोडणे तर चर्चने स्वतःच सांगितले आहे. ईस्टरपूर्व उपवासकाळात व शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची प्रथा फार जुनी आहे, आणि रोमन कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही शुक्रवारचा नियम कायम आहे. त्याऐवजी दुसरा काही संयम सुचविण्याची मुभा त्या त्या देशाच्या बिशपांना दिलेली आहे. तेव्हा ख्रिस्ती परंपरेत मांसत्याग हा नेहमीच तपाचा मार्ग होता. तो शुद्धाशुद्धतेचा मार्ग होऊ नये एवढीच चर्चची चिंता होती.

ही चिंता घेऊन मिशनरी महाराष्ट्रात आले तेव्हा त्यांना जो समाज दिसला त्यात शुद्धाशुद्धता हाच अन्नविचाराचा पाया होता. येथे प्रश्न मांसापुरता कधीच नव्हता. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री या सुमारे बारा वर्षांच्या ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. तो मिशनरींच्या घरी राहिला होता व तेथे जेवला होता, परंतु त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्यानंतर खरा वाद सुरू झाला : ख्रिस्त्यांच्या पंक्तीस जेवलेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत घेता येते काय? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला व त्यासाठी सनातन मंडळींचा रोष पत्करला. त्याने काय खाल्ले यापेक्षा कोणाच्या घरी व कोणाच्या हातचे खाल्ले, हे या सर्व वादात महत्त्वाचे होते. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाप्रकरणात हेच पुन्हा दिसले. तेथे मांसाचा संबंधच नव्हता. चहा आणि बिस्किटे एवढ्यावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. ख्रिस्त्यांच्या घरचा चहाही जेथे जात घालवीत होता, तेथे ख्रिस्ती झालेल्या मनुष्याने मांसाला नकार दिल्यास मिशनरीच्या मनात संशय यावा, हे स्वाभाविक म्हणावे लागेल. त्या नकारात त्याला जातीचा अवशेष दिसे.

या संशयाला सर्वांत स्पष्ट उत्तर पंडिता रमाबाईंनी दिले. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनीसंघाच्या आश्रयाने त्या तेथे राहत होत्या, त्यातील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता मानल्या जात. धर्मांतरानंतरही रमाबाईंनी मांस खाल्ले नाही, पोशाख बदलला नाही आणि हिंदू म्हणवून घेण्यात कमीपणा मानला नाही. सिस्टर जेराल्डीन यांना यात जातीचा पूर्वग्रह आणि अहंकार दिसला. दोघींचा पत्रव्यवहार पुढे सिस्टर जेराल्डीन यांनी संकलित केला, आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. धर्मांतरितेच्या मनाचा इतका उघडा दस्तऐवज मराठी समाजाच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

रमाबाईंच्या उत्तराचा सांगाडा पाहण्यासारखा आहे. आपण जातीच्या पूर्वग्रहातून सर्वस्वी मुक्त झालो आहोत असा दावा त्या करीत नाहीत. उलट, तुम्ही ज्यांना पूर्वग्रह म्हणता ते आपल्यात असतील, अशी कबुली त्या देतात. त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. एखादी इंग्रज स्त्री काही काळ हिंदूंमध्ये राहावयास गेली आणि ज्या चालीरीतींनी शेजाऱ्यास इजा होत नाही व ज्या बदलण्याची त्याला गरज नाही त्या तिने तशाच ठेवल्या, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? या युक्तिवादात ‘शेजारी’ हा शब्द कळीचा आहे. अन्न देवाजवळ नेत नाही हे रमाबाईंना मान्यच आहे. मांस न खाणे ही आपली सवय शेजाऱ्याला ठेचाळविते काय, एवढेच त्या विचारतात, आणि हाच पौलाचा निकष आहे. ज्या ग्रंथाच्या आधारे त्यांना दुर्बळ ठरविले जात होते, त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर त्या उभ्या होत्या.

या वादात एक विसंगतीही होती, व तिच्याकडे त्या वेळी कोणाचे लक्ष गेल्याचे दिसत नाही. मांसत्याग हा हिंदूपणाचा अवशेष मानला जात असता, खुद्द इंग्लंडमध्ये शुद्ध ख्रिस्ती कारणांसाठी मांस सोडणारे लोक कित्येक दशके नांदत होते. विल्यम काउहर्ड यांनी १८०९ मध्ये सॅलफर्ड येथे बायबल ख्रिश्चन चर्च स्थापले आणि सभासदांस मांस वर्ज्य केले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मनुष्यास वनस्पती व फळे हेच अन्न म्हणून दिले. मांसाची परवानगी नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर आली. तेव्हा मूळ ईश्वरी योजना शाकाहाराचीच होय, असा मांसत्यागाच्या ख्रिस्ती समर्थनाचा एक मुख्य आधार आहे. १८४७ मध्ये इंग्लंडात शाकाहारी संस्था निघाली, तीत या पंथाच्या लोकांचा पुढाकार होता. इंग्रज मनुष्याने मांस सोडले तर ते तत्त्व ठरावे आणि मराठी स्त्रीने सोडले तर तो पूर्वग्रह, या भेदाचे समर्थन धर्मशास्त्राच्या आधारे करणे कठीण आहे.

त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, हाही योगायोग बोलका आहे. हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याची प्रतिज्ञा त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत केली होती, आणि परदेशातही आपला आहार त्यांनी पाळला. १८८६ मध्ये त्यांच्या पदवीदान समारंभास रमाबाई फिलाडेल्फियास उपस्थित होत्या. एक हिंदू राहिलेली आणि दुसरी ख्रिस्ती झालेली अशा या दोन मराठी स्त्रियांच्या ताटात काही फरक नव्हता. ताटावरून श्रद्धा ओळखू पाहणाऱ्याची येथे निश्चित फसगत झाली असती.

परंतु रमाबाईंचा युक्तिवाद जसाच्या तसा सर्वत्र लागू पडतो असे समजणे घाईचे होईल. वाँटेजच्या भोजनगृहात त्यांच्या शेजारी इंग्रज भगिनी बसत. तेथे कोणी महार किंवा मांग ख्रिस्ती नव्हता. शेजारी बदलला की त्याच आहाराचा अर्थ बदलतो. याचे जुने व ठळक उदाहरण दक्षिणेकडे मदुरेस मिळते. १६०६ मध्ये तेथे गेलेले जेझुइट धर्मगुरू रॉबर्ट द नोबिली यांनी संन्याशाचा वेष घेतला, मांस सोडले व ब्राह्मणांत प्रवेश मिळविला. त्यांच्या या पद्धतीवर १६१९ मध्ये गोव्यात धर्मपंडितांची परिषद भरून कडाक्याचा वाद झाला आणि १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. ब्राह्मण शेजारी ठेचाळू नये म्हणून द नोबिलींनी ताट बदलले, हे पौलाच्या वचनास धरूनच होते. परंतु ही शुद्धता टिकविण्यासाठी त्यांना अस्पृश्य ख्रिस्त्यांपासून दूर राहावे लागले आणि पुढे त्यांच्यासाठी वेगळे धर्मगुरू नेमण्याची पद्धत पडली. एका भावाला सांभाळताना दुसऱ्या भावाला पंक्तीबाहेर बसविले गेले. गोव्यात नेमके याच्या उलट घडत होते. तेथील धर्मन्यायपीठाने १७३६ च्या जाहीरनाम्यात हिंदू चालीरीतींवर बंदी घालताना, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजविण्यालाही मना केली. अन्न धर्मदृष्ट्या उदासीन आहे असे सांगणाऱ्या धर्माच्या न्यायपीठाने भातातील मिठाची चौकशी करावी, यापेक्षा पौलाचा मोठा विपर्यास कल्पिणे अवघड आहे.

मराठवाड्याकडे वळले म्हणजे हा प्रश्न सर्वस्वी निराळ्या बाजूने दिसू लागतो. ज्या श्रीपतच्या जेवणावरून मुंबई ढवळून निघाली, त्याचे थोरले बंधू नारायण शेषाद्री त्याच १८४३ साली ख्रिस्ती झाले होते. पुढे त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. तेथे आलेले लोक मुख्यतः महार व मांग होते. त्या पलीकडे पूर्वेस, हिंगोलीहून वाशीमकडे जाताना, कनेरगाव नाका हे गाव लागते. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा मुलूख संपून याच पट्ट्यात वऱ्हाड सुरू होई. सीमेच्या पलीकडे वाशीमला नाझरीन मंडळीने १९३० च्या दशकात रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय काढले. ही मंडळी आचारशुद्धीवर विशेष भर देणारी. दारू व तंबाखू तिने वर्ज्य सांगितली. मांसाचे नाव त्या निषेधात नाही. जालन्यापासून वाशीमपर्यंतच्या या पट्ट्यात मिशनकडे आलेल्या दलित मनुष्यापुढे, ब्राह्मण धर्मांतरितास पडलेला प्रश्न उभाच नव्हता. मांस खावे की न खावे, हा त्याचा प्रश्न नव्हे. गावाने त्याच्यासाठी कोणते मांस राखून ठेवले होते, हा त्याचा प्रश्न होता.

गावात ढोर मेले की ते ओढून नेण्याचे काम महाराचे, आणि पडीचे मांस हा त्याचा हक्क. चार घास अन्न व समाजातील सर्वांत खालची पायरी या दोन्ही गोष्टी त्याला एकाच व्यवहारात मिळत. येथे जुन्या करारातील एक नियम आठवल्यावाचून राहत नाही. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात, आपोआप मेलेल्या पशूचे मांस इस्राएलाने खाऊ नये, वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यास ते द्यावे, असे सांगितले आहे. आपल्याला अयोग्य ते परक्यास योग्य, ही व्यवस्था मराठवाड्यातील गावास मुळीच अनोळखी वाटली नसती. नव्या करारात मात्र ती टिकली नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने बिगरज्यू विश्वासणाऱ्यांस मूर्तीचा नैवेद्य, रक्त व गळा दाबून मारलेले प्राणी वर्ज्य करण्यास सांगितले. नव्या करारात यादीसारखे काही असेल तर ते एवढेच. तिचे महत्त्व असे की, ज्यू व परका हे दोघे एका मेजावर बसू शकावेत म्हणून ती केलेली आहे. परक्यासाठी वेगळे मांस आता उरले नाही.

डॉ. आंबेडकरांनी १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस सोडण्याचा जो आग्रह धरला, त्याचे मर्म या पार्श्वभूमीवर नीट उमगते. तो आग्रह शाकाहाराचा नव्हता. उष्टे आणि पडीचे मांस स्वीकारण्यात जी मानहानी होती ती झुगारण्याचा तो ठराव होता. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षणाचा व अस्पृश्यतेचा संबंध ऐतिहासिक प्रश्न म्हणून मांडला. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद आहे. वाळविलेल्या मांसाच्या चान्यांपासून निरनिराळ्या प्रकारांपर्यंतचे पदार्थ तीत येतात, आणि अभावातूनही पाककौशल्य कसे घडले हे त्यातून समजते. हे वाचल्यावर मांसत्याग म्हणजे निव्वळ करुणा, असे सरसकट विधान करण्यास जीभ रेटत नाही. अशा घरातून आलेल्या ख्रिस्ती मनुष्यापुढे पूर्वीच्या ब्राह्मण बंधूने ताट सरकविले, तर सरकविणाऱ्याच्या मनात प्राणिदया असेल वा व्रत असेल. पाहणाऱ्यास मात्र त्यात गावाचीच वेस दिसेल. ठेचाळणारा भाऊ येथे न खाणाऱ्यासमोर बसलेला आहे. पौलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची ही बाजू रमाबाईंच्या वादात येणे शक्यच नव्हते.

तरीही रमाबाईंचे उदाहरण निकामी ठरत नाही. १८८९ मध्ये सुरू झालेल्या शारदासदनात त्यांनी ब्राह्मण विधवांना आपले खाण्यापिण्याचे नियम पाळण्याची मोकळीक ठेवली होती. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनात नाना जातींच्या निराश्रित मुली आल्या. ती संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. स्वतः रमाबाई अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या, परंतु शाकाहार ही श्रद्धेची कसोटी त्यांनी केली नाही. न खाण्याचा अधिकार मागणे आणि न खाण्याचा नियम लादणे यांतील अंतर त्यांना पूर्णपणे कळले होते.

नियम करणारे ख्रिस्तीही महाराष्ट्रात आहेत. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी लेवीय ग्रंथातील अशुद्ध प्राणी आजही वर्ज्य मानते व शाकाहाराची शिफारस करते. १९४२ पासून पुण्यात असलेले तिचे स्पायसर महाविद्यालय (आता विद्यापीठ) त्यासाठी परिचित आहे. तेथील युक्तिवाद मुख्यतः आरोग्याचा आहे : शरीर हे देवाचे मंदिर, म्हणून त्याची निगा राखावी. जातीच्या शुद्धतेशी त्याचा उगमतः काही संबंध नाही. तो एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत जन्मला. परंतु पुण्यासारख्या शहरात तो आचरिला जातो तेव्हा पाहणारे त्याचा कोणता अर्थ लावतात, हा अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

कायद्यानेही या क्षेत्रात पाऊल टाकले आहे. गोहत्याबंदीचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा. बैल व वळू यांच्या कत्तलीसही मना करणारी १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१५ मध्ये अमलात आली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरविली, पण राज्याबाहेर कापलेल्या पशूचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही. कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. ख्रिस्ती दृष्टीने एवढेच म्हणता येईल की, पौलाने सांगितलेला त्याग खाण्याची मोकळीक असणाऱ्याचा त्याग आहे. जे शासनाने काढून घेतले ते भावासाठी सोडता येत नाही.

मराठी मंडळ्यांत प्रीतिभोजनाचा रिवाज आहे. त्या पंक्तीत काय वाढावे, हे ठरविणाऱ्यास पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पत्र थोडे पुढे वाचावे लागते. मांसाच्या चर्चेनंतर तीनच अध्यायांनी त्याच मंडळीच्या सामुदायिक जेवणाचे वर्णन येते. काहीजण आपले अन्न आधीच खाऊन घेतात, मागून येणारे उपाशी राहतात, आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते सर्वांदेखत लज्जित होतात. प्रभुभोजनाच्या विधीत उच्चारली जाणारी वचने याच अध्यायातील. ती या फटकाऱ्याच्या लगेच नंतर येतात.